डाव्या काखेतला टाका

हेलेविक, १४ ऑक्टोबर

प्रिय वहिनीबाई,

तू मागवलेले निळ्या लोकरीचे दहा गुंडे आज दुपारच्या बोटीने माग्नारबरोबर पाठवले आहेत. आपलं काम बोटीचे दोर बांधायचं आहे, लोकर पोचवायचं नाही, हे त्याने मला पुन्हा एकदा ऐकवलं. म्हणजे त्याचे ओठ तरी तसं म्हणत होते. माझा डावा कान पूर्वीच गेला, आता उजवाही त्याच वाटेला लागला आहे. तेव्हा कृपा करून फोन करू नकोस. मागच्या वेळी मी दहा मिनिटं नुसती "हो, हो" म्हणत होते आणि तुझं पत्र आल्यावर कळलं की आर्नस्टाइनच्या थडग्याशी लावायला कुठली फुलं आणू, असं तू विचारत होतीस. माझ्या भावाला फुलांचं काही नव्हतं. जी स्वस्त असतील ती आण.

आता बातमी. किराणा दुकानवाल्याने पार्सलचं काउंटर सोडलं आणि गेल्या सोमवारपासून ते माझ्याकडे आलं. आपल्या फ्योर्डच्या दोन्ही काठांची सगळी पार्सलं आता माझ्या लोकरीच्या दुकानात उतरतात. ज्या वेबसाइटांनी माझं गिऱ्हाईक पळवलं, त्यांचीच हमाली मी करते आहे. हसू नकोस. नव्या वर्षात दुकान ठेवणार की सोडणार, हे मला एक डिसेंबरच्या आत घरमालकाला कळवायचं आहे. पार्सल न्यायला आलेली माणसं जाता जाता लोकरीकडेही बघतील, या आशेवर मी आहे. पहिल्या आठवड्यात एकाने बघितलं. त्याने माझी मोज्यांची सुई उचलली, तिने आपलं खोकं फोडलं आणि सुई परत ठेवली.

चर्चच्या पत्रिकेत तुझा लेख छापून आला. "दारातलं दुकान बंद पडतं ते घरात बसून बटण दाबणाऱ्या बोटामुळे." वाक्य झोकदार आहे. शेजारच्या योरुनने तो कापून माझ्या दारावर चिकटवला. आता पार्सल न्यायला येणारे तो वाचतात आणि खाली मान घालून आत येतात.

इल्वाचा नाताळचा स्वेटर कुठवर आला? तुझी नात आता चोवीस वर्षांची आहे, बाह्या आखूड करू नकोस. आणि डाव्या काखेतला आपला टाका विसरू नकोस, नाहीतर आई स्वप्नात येऊन कान धरेल. माझा धरून तिला काही उपयोग नाही.

तुझी,
गुनवोर


ऑस्नेस, १८ ऑक्टोबर

प्रिय गुनवोर,

काउंटर तुझ्याकडे आलं हे वाचून मला खाली बसावंच लागलं. आनंदाने. फार छान झालं. किराणावाल्याने इतक्या तडकाफडकी का सोडलं पण? माणसाने निदान महिनाभर आधी सांगावं की नाही. लोकांनी आपापली व्यवस्था केलेली असते.

लोकर मिळाली. रंग नेहमीसारखा देखणा. पुढच्या महिन्यात आणखी आठ गुंडे लागतील, बाजूला काढून ठेव. दुकान सोडायचं तर मनातही आणू नकोस. तुझ्या आईने त्या काउंटरमागे चाळीस वर्षं काढली. मी लग्न होऊन आले तेव्हा मला धड मोजा विणता येत नव्हता, त्याच काउंटरवर तिने मला शिकवलं. पहिल्याच दिवशी सांगितलं, काहीही विण, पण डाव्या काखेत सगळ्या सुलट टाक्यांमध्ये एक उलटा घाल. म्हणजे नाचाच्या हॉलमध्ये पन्नास स्वेटरांचा ढीग पडला तरी आपल्या घरचा कुठला ते हात घालून कळेल. ते दुकान बंद झालं तर मी हेलेविकला येऊन करायचं काय?

तुझ्या नव्या कामाबद्दल मला फार कुतूहल आहे. पार्सलवरची नावं तुला वाचावी लागतात का, की नुसता नंबर बघतेस? न्यायला कोणी आलंच नाही तर पार्सल किती दिवस राहतं? आणि समजा एखाद्या बाईने किराणावाल्याकडे येईल या समजुतीने काही मागवलं असेल, तर ते दुसऱ्या गावाला वळवता येतं का? माझी एक शेजारीण विचारत होती.

इल्वाचा स्वेटर व्यवस्थित होणार आहे.

तुझी,
सोल्फ्रीद


हेलेविक, २४ ऑक्टोबर

प्रिय वहिनीबाई,

तुझ्या घराशेजारी एकच घर आहे आणि त्यात म्हातारा ओडवर एकटा राहतो. तो शेजारीण कधी झाला ते कळव, म्हणजे मी त्याला नीट हाक मारीन.

त्याला सांग, नावं वाचावीच लागतात. पार्सल चौदा दिवस राहतं, मग परत जातं. वळवता येत नाही. दुसऱ्या कोणाच्या हातीही देत नाही. ज्याचं त्याने ओळखपत्र घेऊन यायचं आणि माझ्या डोळ्यांत बघून न्यायचं. शेवटचा नियम माझा आहे.

आता गंमत ऐक. मंगळवारी एक पार्सल आलं. नाव सोल्फ्रीद मिक्लेबुस्त, मुक्काम ऑस्नेस. योरुन म्हणाली, ही आपली सोल्फ्रीद. मी म्हटलं, काहीतरीच काय, आपली सोल्फ्रीद चर्चच्या पत्रिकेत लिहिते, ती कशाला बटण दाबेल. त्याच नावाची दुसरी कोणी बाई त्या बाजूला राहायला आली असणार. मी ते खिडकीजवळच्या फळीवर ठेवलं आहे, तिला रस्त्यावरूनही दिसावं म्हणून.

हलकं आहे. दाबून बघितलं, मऊ लागतं. लोकरच असणार. माझ्या दुकानात दुसऱ्याच्या दुकानची लोकर. मी काही म्हणत नाही. तुझे आठ गुंडे बाजूला काढले आहेत, ते पार्सलाच्या शेजारीच ठेवलेत, दोघांची ओळख होऊ दे.

तुझी,
गुनवोर


ऑस्नेस, २९ ऑक्टोबर

प्रिय नणंदबाई,

आधी ते खिडकीतून काढ.

पार्सल माझंच आहे. त्यात कमरेचा पट्टा आहे. डॉक्टरांनी सांगितलेला, तुझ्या दुकानात न मिळणारा, माझ्या वयाच्या बाईने चारचौघांत न दाखवण्यासारखा. म्हणून बोलले नाही. त्यात लोकरीचा एक गुंडाही नाही, तुझ्या आईच्या सुयांची शपथ. लोकर मी आयुष्यात तुझ्याशिवाय कोणाकडून घेतली नाही आणि घेणार नाही. हे अगदी खरं आहे, एवढं तरी मान.

माझ्या लेखाबद्दल म्हणशील तर त्याचा रोख दुकानात जी वस्तू मिळते तिच्याबद्दल होता. पट्टा वेगळा. पत्रिकेत जागा कमी होती, नाहीतर मी तसं लिहिलंही असतं.

माग्नारकडे ते दे. मी त्याला सही करून चिठ्ठी देते. कमर दुखत असताना बाईला बोटीने यायला लावणं, तेही पट्ट्यासाठी, हे काही बरं नाही. आणि दाबून बघू नकोस. लोकांची पार्सलं दाबायची नसतात.

तुझी,
सोल्फ्रीद


हेलेविक, २ नोव्हेंबर

सोल्फ्रीद,

पार्सल मी परत पाठवते आहे. तू येऊ नकोस आणि माग्नारलाही पाठवू नकोस. वारा फार आहे. कमरपट्टा दुसरीकडून घे. दुकानाचं काय करायचं ते माझं बहुतेक ठरलं आहे.

गुनवोर


ऑस्नेस, ५ नोव्हेंबर, मंगळवार

प्रिय गुनवोर,

इतक्या वर्षांत तू मला एवढं छोटं पत्र कधी लिहिलं नाहीस. आर्नस्टाइन गेला तेव्हासुद्धा तुझी चार पानं आली होती आणि त्यात दोन विनोद होते. "वहिनीबाई" नाही, "तुझी" नाही. वारा आहे म्हणतेस. इथे खिडकीतून मला फ्योर्ड दिसतो, पाणी ताटात घातल्यासारखं स्थिर आहे.

तू रागावली आहेस आणि तुझं बरोबर आहे. मी गावभर नाकाने कांदे सोलत हिंडले आणि घरी येऊन तेच केलं. कमरपट्टा नाही, माझी कमर ठणठणीत आहे. आत काय आहे ते मला पत्रात लिहवत नाही, तोंडावर सांगेन. पण माझ्या एका पार्सलापायी तू दुकान सोडणार असशील, तर ते मी होऊ देणार नाही. तुझ्या आईला मी वर जाऊन काय सांगू?

परवा गुरुवारी सकाळच्या बोटीने येते. तुझ्या डोळ्यांत बघायला. ओळखपत्र आणते.

सोल्फ्रीद


ऑस्नेस, ७ नोव्हेंबर, गुरुवार

गुनवोर,

टपाल एक दिवसाआड जातं हे मी विसरले, म्हणजे माझं पत्र तुला उद्या मिळेल. आणि आज तू कानाच्या डॉक्टरांकडे फोर्देला गेली होतीस. काउंटरवर योरुन होती. पुढची बोट अडीचला, तेव्हा मी तुझ्या दुकानात तीन तास बसले. योरुनला लोकरीतलं काही कळत नाही. तू आलीस की तीच सांगेल.

पार्सल तिने शोधून दिलं. तुझं ते "परत पाठवलेलं" पार्सल काउंटरखाली, तुझ्याच जाकिटात गुंडाळून ठेवलेलं होतं. मला तेव्हा काही कळलं नाही. वाटलं, रागाने कोंबलं असशील.

बोटीत बसून उघडलं. आता सांगते, त्यात स्वेटर आहे. तयार स्वेटर, इल्वाच्या नाताळसाठी. निळा, छातीवर आठ पाकळ्यांची फुलं, अगदी आपल्या घरच्यासारखा. वाचनालयातल्या बोदिलला शेजारी बसवून मी तो बर्गनच्या एका वेबसाइटवर शोधला. इल्वाला कळणार नाही, इतका आपला वाटला. मग सवयीने डाव्या काखेत हात घातला. त्या टाक्याचं काय करायचं ते मी ठरवलं होतं, उलटा टाका नंतर कसाबसा घालता येतो का ते बघणार होते.

तो तिथे होताच.

मी स्वेटर उलटा केला, चष्मा पुसला, पुन्हा बघितला. सगळे सुलट, मध्ये एक उलटा. बाईगं, हा टाका घालणाऱ्या जगात तिघीच. एक चर्चच्या आवारात निजली आहे. दुसरी मी, आणि माझ्या बोटांना दोन हिवाळे सुई धरवत नाही. सकाळी कपाची कडी धरायची तर दोन्ही हात लागतात. गेल्या वर्षी इल्वाला दिला तो आधीच विणून ठेवलेला शेवटचा होता. हे मी कोणाला सांगितलं नाही, तुला तर नाहीच. कारण सांगितलं असतं तर तू मला लोकर पाठवणं बंद केलं असतंस. मी लोकर घेणं बंद केलं, तर तुझ्याकडून घेतं कोण?

माझ्या माळ्यावर तुझे तीन पोती गुंडे आहेत. एकाचीही कागदी पट्टी फाडलेली नाही.

आता तू सांग. तू त्या वेबसाइटसाठी विणतेस? हेलेविकला विणलेला स्वेटर बर्गनला गेला, तिथून डबल भाड्याने हेलेविकला आला, तो घ्यायला मी फ्योर्ड ओलांडला, आणि एवढ्या प्रवासात मला कोणी एका शब्दाने सांगितलं नाही. मी रागावले आहे. बोटीत मी हसलेही, माग्नार बघत होता, पण रागावले आहे.

आणि दुकान माझ्यासाठी ठेवू नकोस. सोडायचं तर सोड. मी तुला हे लिहीन असं मला वाटलं नव्हतं.

तुझी,
सोल्फ्रीद


हेलेविक, १३ नोव्हेंबर

प्रिय वहिनीबाई,

पाठवणाऱ्याचं नाव पार्सलाच्या मागच्या बाजूला असतं. दहा दिवस मी तुझी फिरकी घेत बसले आणि मागची बाजू बघितलीच नाही. ज्या दिवशी बघितली त्या दिवशी तुला ते वाऱ्याचं पत्र लिहिलं. तुला राग आला असता तर चाललं असतं, पण तू काखेत हात घालणार हे मला माहीत होतं.

हो, मी त्याच वेबसाइटसाठी विणते. तीन वर्षं झाली. दुकानात लोकर घ्यायला येणारी माणसं मी बोटांवर मोजते आणि बोटं उरतात. दुकान चालतं ते बर्गनला जाणाऱ्या स्वेटरांवर. तुला सांगणार होते, तर तू त्या "बटण दाबणाऱ्या बोटा"वर लेख लिहायला घेतलास आणि मसुदा मलाच वाचायला पाठवलास. मग मी मूग गिळून बसले. आणि ती निळी लोकर गिरणीवाला फक्त माझ्यासाठी रंगवतो. बर्गनला तिचे दोनच स्वेटर गेले. बाकी सगळी मी तुझ्यासाठी मागवत होते. मला वाटायचं, मी दुकान सोडलं तर सोल्फ्रीद निळी लोकर आणणार कुठून. तू माझ्यासाठी लोकर घेत होतीस आणि मी तुझ्यासाठी लोकर विकत होते. आपण दोघींनी मिळून तीन पोती माळ्यावर चढवली. आईने आपल्याला दोन्ही हातांनी बदडलं असतं.

पण खरं दुखणं निराळं आहे. विणायचं तर मागच्या खोलीत बसावं लागतं, आणि तिथे मला दारावरची घंटा ऐकू येत नाही. पार्सलवाले येतात, उभे राहतात, निघून जातात. दोन तक्रारी आल्या. पुढे बसले तर विणणं होत नाही, मागे बसले तर दुकान होत नाही. डॉक्टर म्हणाले, कानात यंत्र घाल, थोडं ऐकू येईल. थोड्याने माझं काय होतं. फोर्देहून येताना बसमध्ये मी घरमालकाला पत्र लिहिलं, दुकान सोडते म्हणून. पाकीट बंद केलं होतं.

मग योरुन भेटली. ती इतकं भराभर बोलत होती की मला तिला कागदावर लिहायला लावावं लागलं. तो कागद मी जपून ठेवला आहे. त्यावर असं लिहिलं आहे: तू तीन तासांत अकरा गुंडे विकलेस. जो माणूस गाडीचा आरसा न्यायला आला होता, त्याला सुया आणि टोपीपुरती लोकर देऊन पाठवलंस आणि पहिल्या दहा ओळी उभ्या उभ्या शिकवल्यास. पाळकांच्या बायकोने बाहेरून टोपी मागवली होती, तिला तू ती माझ्याच दुकानात घालून बघायला लावलीस, ती तिच्या कानांवर येते असं तोंडावर सांगितलंस, आणि ती टोपी परत पाठवायचा कागद भरायला मदत केलीस. ती शनिवारी लोकर घ्यायला आली.

पाकीट मी फोडलं.

आता ऐक, मी एकदाच विचारते. माझे हात चांगले आहेत आणि कान गेले. तुझी बोटं गेली, पण कान चांगले आहेत आणि तोंडाबद्दल तर बोलायलाच नको. मंगळवारी आणि शुक्रवारी सकाळच्या बोटीने ये आणि काउंटरमागे बस. मी मागे विणते. स्वेटर बर्गनला जातील, पण एक-एक आपल्या खिडकीतही लागेल. कॉफी माझी, वॅफल तुझे, कारण माझे करपतात.

माळ्यावरची पोती घेऊन ये. आईच्या काळापासून भिंतीवर पाटी आहे, पट्टी न फाडलेले गुंडे परत घेतले जातील. मला निळी लोकर हवीच आहे.

नाही म्हणायचं असेल तर फोन कर. मला ऐकू येणार नाही.

तुझी,
गुनवोर


हेलेविक, दुकान, ३ जानेवारी

प्रिय गुनवोर,

हे पत्र मी काउंटरवर बसून लिहिते आहे. तू मागच्या खोलीत आहेस. मी तीनदा हाक मारली. तुझं कानाचं यंत्र इथे माझ्यासमोर साखरेच्या भांड्याशेजारी पडलं आहे आणि एकटंच शिट्टी वाजवतं आहे. म्हणून लिहिलेलं बरं.

इल्वा काल गेली. नाताळच्या संध्याकाळी तिने पुडकं उघडलं. कबुली कशी द्यायची ते मी तीन आठवडे घोकत होते, सुरुवातीचं वाक्य तर फारच सुंदर जमलं होतं. तिने स्वेटर घातला, डाव्या काखेत हात नेला आणि म्हणाली, "हा गुनवोर आत्याआजीचा. तुझा टाका घट्ट असायचा, आजी." मग माझा हात हातात घेऊन तिने एकेक बोट सरळ करून बघितलं. तिला गेल्याच वर्षी कळलं होतं म्हणे, मी कप कसा धरते ते बघून. माझं सुंदर वाक्य वाया गेलं. मी रडले, तिने मला कॉफी दिली, दोन कड्यांच्या कपात. तो ती ट्रोंडहाइमच्या कुठल्याशा कुंभारणीच्या दुकानातून स्वतः जाऊन घेऊन आली होती. हे मी मुद्दाम विचारलं.

पत्रिकेच्या या अंकात माझी दुरुस्ती छापून आली आहे. "ते बोट माझं होतं," एवढंच. योरुनने तीही दारावर चिकटवली, जुन्या लेखाच्या खाली. लोक दोन्ही वाचतात आणि हसत आत येतात. आरशावाला आज दुसरी टोपी विणायला घेतो म्हणाला. पहिली त्याच्या गुडघ्याला बसते.

आता माझं काम. पुढच्या नाताळला इल्वासाठी एक स्वेटर हवा. निळा, आठ पाकळ्यांची फुलं, बाह्या लांब, आणि टाका तुझ्या हातचाच, सैल. लोकर माझी, पट्टी न फाडलेली, तुझ्या पायाशी पहिल्या पोत्यात आहे. वहीत माझं नाव लिही. आणि या वेळी बर्गनला पाठवू नकोस. मागच्या खोलीपासून काउंटरपर्यंत सहा पावलं आहेत, मी मोजली.

हे पत्र वॅफलच्या बशीखाली ठेवून तुझ्यासमोर आणून ठेवते आणि परत माझ्या जागेवर येऊन बसते. उत्तर लिहीत बसू नकोस, हातातली ओळ सुटेल. वाचून झालं की नुसती मान वर कर. दारातून मला दिसतेस.

तुझी,
वहिनीबाई